चिंधीला दाढी आवडत नाही

चिंधीला उघडणारी छत्री आवडत नाही. मिटलेली चालते, कोपऱ्यात उभी केलेली तर तिला दिसतही नाही. पण छत्री फट्‌कन उघडली की चिंधीच्या पाठीवरचे केस मानेपासून शेपटीपर्यंत ताठ होतात, आणि ती अशी काही भुंकते की छत्रीवाल्याला आपणच काहीतरी चोरलंय असं वाटू लागतं. उचकी लागलेला माणूस तिला आवडत नाही. आडवी धरून नेलेली शिडी आवडत नाही. फुगा आवडत नाही. आणि एका पायावर उभा राहून विजार चढवणारा पुरुष तर तिला डोळ्यांसमोर नको असतो.

साध्यासुध्या घरात हे खपून गेलं असतं. पण चिंधी राहते नाटक कंपनीत, आणि तेही कपडेपटात. नाटकातले सगळे पोशाख जिथे शिवले जातात, उसवले जातात, इस्त्री होऊन खुंटीवर चढतात, ती ही खोली. तिथे दिवसभर कुणी ना कुणी एका पायावर उभं असतंच. पहिले काही दिवस नटांनी आरडाओरडा केला, मग शिव्या दिल्या, मग मुकाट्याने बाकावर बसून विजारी घालायला शिकले. आता नव्या नटाला कंपनीत घेतलं की जुने त्याला आधी हेच सांगतात, "बसून घाल रे बाबा. इथे तशी पद्धत आहे."

कपडेपट आक्काच्या ताब्यात होता. ताब्यात म्हणजे कसा, तर ती तिथेच राहायची. इस्त्रीच्या मोठ्या टेबलाखाली तिची पेटी, खिडकीशी तिचा स्टोव्ह, आणि दिवसा गुंडाळून ठेवलेलं अंथरूण सरदारांच्या अंगरख्यांमागे. खोलीला एक दार बोळाकडे उघडणारं. दुसऱ्या बाजूला दारच नव्हतं. नुसता काळा जाड पडदा, आणि पडद्यापलीकडे थेट रंगमंच. चिंधी तिला सापडली ती कातरणांच्या ढिगात, उबेला येऊन निजलेली. अंगावर एक ठिगळ पांढरं, एक काळं, एक तांबूस, जणू उरल्यासुरल्या कापडातूनच कुणी बेतली होती. आक्काने तिला हाकललं नाही. उलट सुईत दोरा ओवता ओवता तिच्यावर ओवीच रचली:

चिंधी माझी बाई, उंबऱ्याची राणी
हिच्या नावडीची लांबडी कहाणी

आणि खरोखरच लांबडी निघाली ती. छत्री झाली, शिडी झाली, उचकी झाली. सगळ्यांतून वाट निघाली. अडलं ते दाढीपाशी.

दाढी दादाने केली होती. दादा म्हणजे आक्काचा थोरला भाऊ, कंपनीचा रंगभूषाकार. बोळाच्या दुसऱ्या टोकाला त्याची आरशांची खोली. म्हाताऱ्या राजाची ही दाढी त्याने एकेक केस जाळीत गाठवून विणली होती. मुळाशी राखाडी, मध्ये रुपेरी, टोकाला पांढरीशुभ्र. पहिल्यांदा ती तयार झाली तेव्हा तो तिला दोन्ही हातांवर तान्ह्या लेकरासारखी घेऊन कंपनीभर हिंडला होता. आणि ती लावायचे महाराज. हा नट सतत राजेच करायचा, म्हणून त्याचं खरं नाव सगळे विसरून गेले होते, बहुधा तोसुद्धा.

दाढी नसलेले महाराज म्हणजे चिंधीचा जीव की प्राण. ते बोळात शिरले की ती आधी त्यांच्या खिशाला नाक लावायची. खिशात बिस्किट असायचंच. पण दाढी लावून तेच महाराज आले की चिंधी दात विचकून टेबलाखाली मागे मागे सरकायची आणि तिथून अंग थरथरवत भुंकायची. जसं काही घरात लांडगा शिरलाय, आणि तो अगदी हिच्याच ओळखीचा आहे.

परवाच्या प्रयोगात तर कहर झाला. शेवटच्या अंकात राजा मरतो. महाराज रिवाजाप्रमाणे डाव्या बाजूला, काळ्या पडद्याला लागून कोसळले. पण त्या दिवशी मरणाचा जरा जास्तच रंग चढला होता. डोकं मागे गेलं, आणि पडद्याच्या खालच्या फटीतून दाढीचं टोक कपडेपटात आलं. चिंधीने ते पाहिलं. पाहिलं आणि दातांत धरून ओढलं.

मेलेला राजा ओरडला, "सोड, दुष्टा!"

प्रेक्षागृह हसून हसून लोळलं. राणीचा विलाप कुणालाच ऐकू गेला नाही. पडदा पडला तेव्हा महाराजांची हनुवटी लालबुंद झाली होती, आणि दादा फाटलेली दाढी मांडीवर घेऊन कपडेपटाच्या बाकावर बसला होता. एकेक सुटलेला केस वेचत होता.

तोंड उघडलं ते बाईंनी. बाई कंपनीच्या मालकीण. एके काळी नायिका होत्या, त्यामुळे अजूनही कुठल्याही खोलीत प्रवेश घेतल्यासारख्या शिरत. "उद्याच्या प्रयोगाला हे कुत्रं इथे दिसता कामा नये," त्या म्हणाल्या.

"मग मी कुठे दिसू?" आक्काने विचारलं.

"तुला कोण जा म्हणतंय? कुत्रं म्हटलं मी."

"ती राहते तिथेच मी राहते, बाई. वेगळी खोली कुठली आमची?"

बाईंनी दादाकडे पाहिलं. दादा मान वर न करता म्हणाला, "त्या मागच्या गोदामवाल्याला राखणीला कुत्रं हवंय. उद्या दुपारी येईल तो. मी निरोप धाडलाय."

गोदाम आक्काला माहीत होतं. फाटकाशी लोखंडी खुंटा होता आणि खुंट्याला साखळी होती. ते आठवून तिने चिंधीला उचललं आणि पोटाशी धरलं. उद्या दुपारपर्यंत काहीतरी करायला हवं होतं.

खरं तर गेले काही आठवडे सगळी कंपनीच चिंधीचं काहीतरी करू बघत होती. प्रत्येकाकडे एकेक कारण तयार होतं. बाई म्हणाल्या डिंकाचा वास येत असेल. डिंक बदलला, चिंधी बदलली नाही. महाराज म्हणाले, "कलावंताचा मत्सर, दुसरं काय." आणि दादा परत परत एकच सांगायचा, "दाढीवाल्या कुणीतरी मारलं असणार तिला लहानपणी. त्याशिवाय कुणी उगाच असं करत नाही."

आक्काचंही एक कारण होतं. कंपनीत जुना शिरस्ता होता: दाढी-मिशी एकदा चिकटली की पडदा पडेपर्यंत नटाने स्वतःच्या आवाजात बोलायचं नाही. विंगेत नाही, बोळात नाही, कुठेच नाही. महाराज तो जिवापाड पाळायचे. एकदा प्रयोगाआधी ते संडासात अडकले होते. कडी जाम झाली. आतून त्यांनी गर्जना केली, "द्वार उघडा! कोण आहे रे तिकडे!" बाहेरचे सगळे म्हणाले, वा, आज महाराज रंगात आहेत, आणि आपापल्या कामाला लागले. तिसरी घंटा झाली तरी राजा मंचावर येईना, तेव्हा कुठे कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. तर आक्काचं म्हणणं असं, की बिचारीला कळणार कसं हेच आपले बिस्किटवाले म्हणून? चेहरा परका, आवाज परका. एकदा, फक्त एकदा, आपल्या आवाजात हाक मारा. ओळख पटेल, भुंकणं जाईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाने डोळे चोळत चोळत दाढी सांधून आणली आणि तालमीसाठी महाराजांना लावली. झगा चढवायला महाराज कपडेपटात आले. चिंधी टेबलाखाली गेली आणि सुरू झाली.

"महाराज," आक्का म्हणाली, "तिला एकदा तुमच्या आवाजात हाक मारा ना."

महाराजांनी भुवई उचलली. "राजा श्वानांशी संभाषण करीत नाही."

"राजा नका करू. तुम्ही करा."

"अशक्य!"

"शिरस्ता आहे तो," दारातून दादा म्हणाला. बाईही मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांच्यामागे तालमीला जमलेली सगळी कंपनी.

आक्काने हातातला झगा महाराजांच्या अंगावर टाकला आणि मागे सरून बसली. "बरं. मग बंद तुमचे तुम्ही बांधा."

झग्याचे बंद पाठीवर होते. रोज आक्काच बांधायची. घट्ट पण श्वास कोंडू न देणारे. महाराजांनी उजवा हात मागे नेला, मग डावा, मग बंद दिसावा म्हणून मान वळवून स्वतःभोवती एक गिरकी घेतली, आणखी एक घेतली. "हे काय चाललंय! सेवक कुठे आहेत!"

"सेवक रुसलेत," आक्का म्हणाली.

कुणीतरी खुसखुसलं. महाराज थांबले. धाप लागली होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकले, आणि मग त्या भरघोस दाढीच्या आतून एक बारीक, लाजरा, जरासा नाकातला आवाज आला. कंपनीतल्या नव्या पोरांनी तो कधी ऐकलाच नव्हता.

"चिंधे... अगं, मी आहे गं. मी."

चिंधी गप्प झाली. एक कान उभा झाला. शेपटी जमिनीवर हलकेच आपटली, मग जोरात आपटली. चिंधी टेबलाखालून बाहेर आली, एक पाऊल, दुसरं पाऊल, महाराजांचा हात हुंगला, खिसा हुंगला, मान वर करून दाढीकडे पाहिलं,

आणि आजवर कधी भुंकली नव्हती इतक्या जोरात भुंकली.

आता त्यात भीती उरली नव्हती. आता तो नुसता संताप होता. मघाशी परका माणूस दाढी लावून आला होता. आता आपलाच माणूस हे असलं काहीतरी तोंडाला लावून आलाय!

सगळी कंपनी हसत सुटली. बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. महाराज ताठ उभे राहून पुन्हा राजा झाले. हसला नाही तो फक्त दादा. तो आक्काजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "बघितलंस ना, ठके?" लहानपणापासून तो तिला ठकीच म्हणायचा. "ओळख पटली, तरी भुंकते. मार खाल्लेलं जनावर आहे ते. काहीतरी कारण असल्याशिवाय..."

"नाहीये," आक्का म्हणाली.

"काय नाहीये?"

"कारण. मीही उगाच शोधत बसले. नाहीये कारण. तिला दाढी आवडत नाही, संपलं."

"असं कसं? काहीतरी झालंच असेल की. कुणीतरी मारलं..."

"दादा, तिला कुणी मारलं नाही." आक्का उठून उभी राहिली. आवाज चढला नव्हता, पण इस्त्रीचा निखारा फुंकल्यावर उजळतो तसा झाला होता. "आणि मलाही कुणी मारलं नव्हतं."

हसणं विझलं. कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं की आक्काचा नवरा मारायचा, म्हणून ती भरल्या घरातून निघून आली. दादानेच सांगितलं होतं तसं, ज्याला त्याला, बरीच वर्षं.

"मी पेटी घेऊन तुझ्या दारात आले तेव्हा तू काय विचारलंस? मारतो का? मी म्हटलं नाही. उपाशी ठेवतात? म्हटलं नाही. पितो? दुसरी बाई आहे? नाही, नाही. मग काय झालं? म्हटलं, मला तिथे आवडत नाही. तू घरात घेतलंस, दादा, पोटभर जेवायला घातलंस, मी विसरले नाही. पण तेवढं एक तुला पुरलं नाही. तू माझ्यासाठी मार शोधून आणलास."

"लोक विचारत होते गं," दादा पुटपुटला. "मी तुझ्या भल्यासाठीच..."

"ठाऊक आहे. म्हणून तर इतकी वर्षं गप्प बसले. तो बिचारा कुठल्या कुठे बसून, न मारता मारकुटा झाला. त्या घरात सकाळी उठलं की माझा जीव मेणकापडासारखा व्हायचा, वर पाणी पडलं तरी आत काही जायचं नाही. एवढंच. याला कारण म्हणत असशील तर म्हण. नसशील तर सोड."

बोळातून कुणीतरी दार ठोठावलं. गोदामवाला आला होता. भला माणूस दिसत होता. हातात दोर, आणि दोराच्या टोकाला नवा पट्टा. "कुठाय कुत्रं?"

बाईंनी आक्काकडे पाहिलं. सगळ्यांना वाटलं, आता ही टेबलाखालची पेटी ओढेल. एकदा निघून आलेली बाई दुसऱ्यांदाही निघून जाईल. आक्काने पेटीला हात लावला नाही. तिने सुईदोऱ्याचा डबा घेतला, राणीचा उसवलेला शालू घेतला, आणि दाराच्या उंबऱ्यात मांडी घालून बसली. चिंधी येऊन तिच्या मांडीत शिरली. आक्काने दोरा ओवला.

"त्या वेळी मी घर सोडलं होतं," ती टाका घालत म्हणाली. "ही खोली सोडणार नाही. मीही नाही, हीही नाही. कुणाला आत-बाहेर करायचं असेल तर माझ्यावरून करा."

"अहो, पण मला निरोप आला म्हणून मी..." गोदामवाला गोंधळला. त्याने दादाला ओळखलं. "तुम्हीच बोलावलंत ना? न्यायचं का नाही?"

दादा खोलीतच, तिच्या मागे उभा होता. त्याच्या बोटांना अजून दाढीचा डिंक चिकटलेला होता आणि तो एका हाताने दुसऱ्या हाताचा डिंक खरवडत होता. खरवडता खरवडता त्याने बहिणीकडे पाहिलं. तिचे केस आता त्या दाढीच्या मधल्या भागासारखे झाले होते, रुपेरी. ती वर बघत नव्हती. टाके घालत होती, आणि अगदी हळू, स्वतःशीच म्हणत होती:

हो-हो म्हणताना जीभ झाली जुनी
एक 'नाही' माझं ठेवलं राखुनी

"नाही," दादा गोदामवाल्याला म्हणाला. "नाही न्यायचं."

"का हो? काल तर निरोप धाडलात..."

"तिला यायचं नाही."

"कुत्र्याला?" तो हसला. "चांगलं खायला-प्यायला देतो की मी! आजारी-बिजारी आहे का?"

"नाही."

"मग चावतं का?"

"नाही."

"मग झालंय काय?"

दादाने तोंड उघडलं. सवयीने काहीतरी ओठांवर आलंही असेल. एखादी चांगली, पटण्यासारखी गोष्ट. त्याने ती गिळली. त्याचे कान लाल झाले. "काही झालेलं नाही," तो म्हणाला. "तिला आवडत नाही. बस्स."

"बस्स म्हणजे?"

"बस्स म्हणजे बस्स! मराठीत सांगतोय ना?"

गोदामवाला दोर गुंडाळत, मान हलवत निघून गेला. नाटकवाले लोक, त्यांच्या नादी कोण लागणार, असं काहीसं तो जाता जाता बोलला.

आक्काचा टाका चुकला. तिने तो उसवला आणि परत घातला.

"झालं? आणि माझ्या राजाच्या मरणाचं काय?" बाई कडाडल्या. "आजही ती दाढी ओढायची, आणि लोकांनी हसायचं?"

"राजाला उजवीकडे मरू दे," दादा म्हणाला.

"काय!" हा आवाज मात्र झग्यातून आला. महाराज अजून पाठीवरचे बंद लोंबकळत ठेवून उभे होते. "मी आजन्म डावीकडे मरत आलोय!"

"दाढी मी उजव्या विंगेतच लावीन तुम्हाला. कपडेपटात दाढी येणारच नाही. झगा इथे, दाढी तिथे."

"प्रकाश डावीकडे पडतो!"

"प्रकाश सरकवता येतो," दादा म्हणाला. "कुत्रं भुंकायला लागल्यापासून आपण विजारी बसून घालतो. कुणी मेलं का त्याने?"

बाईंनी कपाळाला हात लावला. पण तिकिटं खपली होती, संध्याकाळ व्हायला आली होती, आणि कपडेपटवाली उंबऱ्यात बसली होती. राणीचा शालू तिच्या मांडीवर होता, राजाचे बंद तिच्याच बोटांची वाट बघत होते. "घाला काय तो गोंधळ," त्या म्हणाल्या आणि पडदा सारून तरातरा रंगमंचाकडे निघून गेल्या. आक्का उठली, महाराजांच्या पाठीमागे गेली, आणि घट्ट पण श्वास कोंडू न देणारे बंद बांधले. दादाने त्यांची दाढी अलगद सोडवून हातात घेतली आणि ती चिंधीला दिसू नये म्हणून कुडत्याखाली दडवून बोळातून गेला.

संध्याकाळी राजा उजवीकडे मेला. उजवीकडे मरायची सवय नसल्यामुळे त्याचा मुकुट घरंगळत पार प्रॉम्प्टरच्या पायापर्यंत गेला, पण लोक हसले नाहीत. राणीचा विलाप शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. पडद्याअलीकडे चिंधी पुढचे पाय ताणून बसली होती. दूरवरून महाराजांचा राजेशाही आवाज आला तेव्हा तिने एकदा गुरगुरून घेतलं. आक्काने तिच्या तोंडावर हात ठेवला नाही.

टाळ्या थांबल्यावर कपडेपटाचं दार धाडकन उघडून बाई आत आल्या. चेहऱ्यावर राग होता, पण तो आता दमलेला होता. त्या सरदारांच्या अंगरख्यांखालच्या बाकावर बसल्या आणि चिंधीकडे बघत राहिल्या.

"आणखी कशाकशाचं वावडं आहे हिला?" त्या म्हणाल्या. "एकदाच काय ते सांगून टाक. रोज नवीन तमाशा नको मला."

"हिचं सगळं मलाही ठाऊक नाही, बाई," आक्का झगा खुंटीला लावत म्हणाली. "माझं सांगू?"

बाईंनी भुवया उंचावल्या. मग पाय पसरून, पाठ भिंतीला टेकली. "सांग."

आक्का वळली. इतक्या वर्षांत तिने बाईंच्या डोळ्यांत असं सरळ पाहिलं नव्हतं.

"पहिलं म्हणजे," ती म्हणाली, "तुम्ही दार न वाजवता आत येता."